ऊन पडतं तिथे रेडिओ लागतो: ‘पोर्टेबल’ हा शब्द मोजताना

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं: ‘पोर्टेबल रिसीव्हर उपलब्ध असूनही भारतात सॅटेलाइट रेडिओ रुजला नाही.’ गाईडनी ‘पोर्टेबल’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला, ‘कुठे?’ मला वाटलं, हा काय प्रश्न झाला? पोर्टेबल म्हणजे उचलून नेता येणारा. कुठेही. पण ‘कुठेही’ हे उत्तर चुकीचं आहे हे कळायला मला एक अख्खं सत्र लागलं. तुमची पेट झाली असेल आणि आता आरआरसीपुढे मांडायला विषय शोधत असाल, तर तुमचं सत्र वाचावं म्हणून हे लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तुमच्यापैकी अनेकांनी हा रेडिओ पाहिलेला नसणार. वर्ल्डस्पेस ही कंपनी नोआ समारा या इथिओपियात जन्मलेल्या माणसाने १९९० साली सुरू केली. जिथे रेडिओ स्टेशन उभारणं परवडत नाही अशा देशांत थेट आकाशातून आवाज पोचवायचा, ही मूळ कल्पना. आफ्रिकेसाठीचा ‘आफ्रिस्टार’ ऑक्टोबर १९९८ मध्ये गेला. आशियासाठीचा ‘एशियास्टार’ भारतीय वेळेनुसार २२ मार्च २००० च्या पहाटे फ्रेंच गियानातल्या कुरूहून एरियन-५ रॉकेटवर गेला. त्याच रॉकेटवर आपला इन्सॅट-३बी होता. भारतात हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताची ‘गंधर्व’ वाहिनी, जुन्या हिंदी गाण्यांची, मराठीची, तमिळची, तेलुगूची अशा वाहिन्या त्यावर लागायच्या. पुढे कंपनीने वर्गणी घ्यायला सुरुवात केली, ए. आर. रहमान जाहिरातीत आले. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद झाली.

आता बघा, ‘सॅटेलाइट रेडिओ भारतात का फसला?’ हा प्रश्न ऐकायला छान वाटतो. त्यावर कुणीही चहाच्या टपरीवर पंधरा मिनिटं बोलू शकतो, आणि नेमकी तीच अडचण आहे. कंपनीवर कर्ज होतं. २००६ नंतर खासगी एफएम गावोगाव पसरलं. मोबाइलच्या मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकानं निघाली. वर्गणी लोकांना जड वाटली. ही सगळी कारणं थोडीथोडी खरी असणार, आणि यातल्या कुठल्याही एकाचं वजन तुम्ही आज घरबसल्या काढू शकत नाही. म्हणून प्रश्न लहान करावा लागतो. माझा प्रश्न लहान होत होत इथवर आला: हातात धरता येणारा तो सेट घेऊन माणूस नेमका कुठे कुठे बसून ऐकू शकला असता?

हा प्रश्न मोजता येतो, तोही सेवा बंद पडून इतकी वर्षं झाल्यावर. ते कसं, हे सांगतो.

एशियास्टार भूस्थिर कक्षेत, विषुववृत्ताच्या वर १०५ अंश पूर्व रेखांशावर होता. भूस्थिर म्हणजे आपल्या दृष्टीने आकाशात खिळा ठोकल्यासारखा एका जागी. पनवेलजवळचं नेरे गाव घ्या. माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शांतिवनाचं गाव. अक्षांश १९ अंशांच्या किंचित वर, रेखांश ७३.२ च्या आसपास. अक्षांशाची कोसाइन गुणिले रेखांशातल्या फरकाची कोसाइन, याचं उत्तर ०.८०३ येतं. त्यातून ०.१५१ वजा करा (पृथ्वीची त्रिज्या भागिले कक्षेची त्रिज्या). ज्या कोनाची कोसाइन ०.८०३ आहे त्याच कोनाची साइन ०.५९६, तिने भागा. उत्तर १.०९. हा ज्या कोनाचा टॅन्जन्ट आहे तो कोन म्हणजे उपग्रहाची क्षितिजापासूनची उंची: साडेसत्तेचाळीस अंश. दिशा याच पद्धतीने निघते, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे सुमारे ११८ अंश, म्हणजे पूर्व आणि आग्नेय यांच्या मध्ये. अकरावीची त्रिकोणमिती आहे, घाबरू नका. स्वतःच्या गावासाठी आत्ता करून बघा.

नेऱ्यातून त्या बाजूला पाहिलं की प्रबळगडाचा डोंगर डोळ्यांत भरतो. माझी पहिली चूक इथे झाली. मी वहीत लिहून टाकलं, ‘डोंगरामुळे सिग्नल अडत असणार.’ मग हिशेब केला. प्रबळगड साधारण ७०० मीटर उंच आणि गावापासून काही किलोमीटर लांब, म्हणजे क्षितिजावर तो जेमतेम सहा-सात अंश उचललेला दिसतो. उपग्रह त्याच्या कितीतरी वर. डोंगराचा काही संबंधच नाही. अडवणारी गोष्ट वीस फुटांवर उभी असते: समोरचं घर, आंब्याचं झाड, आपल्याच घराची वळचण.

वळचणीचा हिशेब मला फार आवडतो, म्हणून तो सविस्तर देतो. समजा घराचं तोंड उपग्रहाच्या दिशेला आहे, वळचण जमिनीपासून २.१ मीटरवर आहे आणि तुम्ही पडवीत अँटेना एक मीटर उंचीच्या स्टुलावर ठेवली आहे. अँटेनाच्या वर वळचणीपर्यंत १.१ मीटर उरतात. १.१ भागिले १.०९, म्हणजे साधारण एक मीटर. वळचणीच्या कडेपासून एक मीटरच्या आत अँटेना असेल तर आकाशातला तो बिंदू दिसतो. त्याहून मागे सरकवली की छप्पर आडवं येतं. पडवीच्या कडेला रेडिओ चालतो, माजघरात नाही आणि चुलीपाशी तर नाहीच. घरात दिवसभर रेडिओ ऐकायला वेळ कुणाला मिळतो, आणि तो माणूस त्या वेळी घराच्या कुठल्या भागात असतो? हा प्रश्न माझ्या सिनॉप्सिसमध्ये नव्हता. तो वळचणीने घातला.

इमारतींचंही तसंच. कोन पंचेचाळीस अंशांच्या जवळ असल्यामुळे समोरची इमारत जेवढी उंच, जवळजवळ तेवढ्या अंतरापर्यंत तिची ‘रेडिओ-सावली’ पडते. १० मीटर उंच इमारतीमागे साधारण ९ मीटर. नेरे आता नैना क्षेत्रात आहे, नव्या सोसायट्या उभ्या राहताहेत. ज्या फ्लॅटच्या सगळ्या खिडक्या पश्चिमेला आणि उत्तरेला उघडतात, त्या फ्लॅटमध्ये हा रेडिओ कुठल्याच खोलीत लागला नसता. सेटचं वजन किती का असेना.

इथे कुणी विचारेल, एफएमला ही अडचण का नाही? मुंबईचा ट्रान्समीटर नेऱ्यापासून अंदाजे ४० किलोमीटरवर धरा. उपग्रह नेऱ्यापासून सुमारे ३७,२०० किलोमीटरवर. अंतर ९३० पट, आणि सिग्नल अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होतो, म्हणजे नुसत्या अंतरानेच तो साडेआठ लाख पटींहून जास्त क्षीण. उपग्रह आपली शक्ती एका झोतात एकवटून यातलं काही भरून काढतो, पण सगळं नाही. शिवाय एफएमची लहर सुमारे तीन मीटर लांब, ती भिंती-कोपऱ्यांना वळसे घेत, आपटत-उसळत घरात शिरते आणि तरीही पुरेशी उरते. वर्ल्डस्पेसची लहर वीस सेंटिमीटरची. तिला सरळ रस्ता लागायचा आणि रस्त्यात थोडीही घट चालायची नाही. दाट पानांचं एक झाडसुद्धा दहाएक डेसिबेल खाऊ शकतं, म्हणजे सिग्नल दहा भागांतला एक भाग उरतो. डिजिटल सेटमध्ये खरखर वाढत नाही. आवाज एकदम जातो.

याच वीस सेंटिमीटरच्या लहरीची एक बाजू मात्र कोकणाच्या सोयीची होती. डीटीएचची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची असते, म्हणून जुलैच्या सरींत टीव्हीचं चित्र जातं. वर्ल्डस्पेसला पावसाचा त्रास जवळजवळ नव्हता. शिवाय डीटीएचला ताटली लागते, अचूक रोखावी लागते. याला तळहाताएवढी चपटी अँटेना पुरायची आणि ती अंदाजाने त्या दिशेला धरली तरी चालायचं. त्यामुळे ‘तंत्रज्ञान कच्चं होतं’ असं लिहिणाऱ्यांशी माझं पटत नाही. एका झोतातल्या एका वाहकावर १६ किलोबिटचे ९६ हप्ते, ते गरजेप्रमाणे एकत्र करून कमी-जास्त दर्जाच्या वाहिन्या, आणि हे सगळं बॅटरीवर चालणाऱ्या सेटमध्ये उलगडायचं. २००० सालासाठी हे काम भारीच होतं.

आता मोजणीची पद्धत. मी सुरुवात फोनच्या होकायंत्राने केली. खिडकीपाशी उभा राहिलो, ११८ अंश शोधले, फोन साडेसत्तेचाळीस अंशांत तिरका धरला. आकडे दर वेळी वेगळे येत होते. कारण समोर होतं, खिडकीची लोखंडी जाळी. लोखंडापाशी होकायंत्र वाट्टेल ते सांगतं. मग दुसरी युक्ती सुचली: एअरटेलची डीटीएच सेवा १०८.२ अंशांवरच्या उपग्रहावरून येते, एशियास्टारपासून फक्त तीन-साडेतीन अंश बाजूला. म्हणजे गावातली एअरटेलची ताटली जिकडे बघते तिकडेच आपला बिंदू! दिशेपुरतं हे बरोबर आहे. उंचीपुरतं साफ चूक. या ताटल्या ‘ऑफसेट’ प्रकारच्या असतात, त्यांचा गोळा-यंत्राचा दांडा मधोमध न राहता खालच्या बाजूने येतो. त्यामुळे ताटली प्रत्यक्षात पाहते त्याहून वीस-पंचवीस अंश खाली बघतेय असं आपल्याला वाटतं. ताटलीकडे बघून उंची ठरवली असती तर माझ्या वहीत प्रत्येक झाड अडथळा म्हणून लागलं असतं. उपकरण काय दाखवतंय आणि आपल्याला काय दिसतंय यांतला फरक पुस्तकात ‘व्हॅलिडिटी’ या शब्दाखाली वाचला होता. तो इथे ताटलीत भेटला.

शेवटी उपयोगी पडला तो सूर्य. सूर्य रोज थोड्या वेगळ्या वाटेने आकाशातून जातो, आणि वर्षातून दोनदा त्याची वाट आपल्या बिंदूवरून जाते. नेऱ्यासाठी हिशेब केला तर ते दिवस येतात १ ऑक्टोबरच्या आणि १२ मार्चच्या आसपास. ऑक्टोबरात सकाळी दहाच्या सुमारास, मार्चमध्ये दहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास सूर्य नेमका तिथे असतो जिथे एशियास्टार होता. म्हणजे त्या वेळी घरात, अंगणात, पडवीत, एसटीच्या थांब्यावर, शाळेच्या व्हरांड्यात जिथे थेट ऊन पडलं असेल तिथे अँटेना ठेवली असती तर रेडिओ लागला असता. सावली असेल तिथे बहुधा नाही. होकायंत्र नको, कोनमापक नको. खडूने उन्हाची कड आखायची आणि फोटो काढायचा. दोन-तीन दिवस मागेपुढे झाले तरी चूक एखाद्या अंशाची. वेळेत मात्र दहा मिनिटांपेक्षा जास्त घसरू नका, कारण सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो. आणि मार्च निवडा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपल्याकडे आभाळाचा भरवसा नसतो.

हे सुचल्यावर दोन दिवस मी हवेत होतो. मग गाईडनी पुन्हा समासात लिहिलं, ‘ऊन आणि रेडिओ एकच आहेत का?’

नाहीत. कौलारू छपरातून ऊन येत नाही, पण कोरड्या कौलातून ही लहर काही प्रमाणात येते. सिमेंटच्या पत्र्यातूनही येते. लोखंडी पत्र्यातून दोन्ही येत नाहीत. कापडी पडद्यामागे ऊन अडतं, रेडिओ अडत नाही. उलट डासांसाठी लावलेल्या धातूच्या बारीक जाळीतून ऊन छान येतं आणि रेडिओ तिथेच संपतो. धातूचा मुलामा असलेल्या काचेचंही तेच. झाडाखाली कवडसे पडतात, म्हणून तिथे ‘अर्धा रेडिओ’ लागेल असं नाही, कारण पानांमधल्या फटी प्रकाशाला मोठ्या असल्या तरी वीस सेंटिमीटरच्या लहरीला त्या फटीच वाटत नाहीत. आणि उन्हाची कड धारदार असते तशी रेडिओची नसते. पाच मीटरवरच्या अडथळ्यामागे साधारण एक मीटरचा पट्टा असा राहतो की तिथे निश्चित काही सांगता येत नाही. म्हणून माझ्या नोंदवहीत आता तीन खाणी आहेत: लागेल, लागणार नाही, सांगता येत नाही. शिवाय प्रत्येक जागेपुढे छप्पर कशाचं, जाळी कशाची, झाड कुठलं, हे वेगळं लिहिलेलं. तिसरा रकाना भरला की वाईट वाटतं, पण तो रिकामा असलेली वही तपासणाऱ्याला जास्त संशयास्पद वाटते.

दुसरा प्रश्न काळाचा. आज दिसणारी इमारत २००७ मध्ये तिथे नव्हती. आजचं झाड तेव्हा रोपटं होतं, किंवा तेव्हाचं झाड रस्ता रुंद करताना गेलं. म्हणून घरंही दोन गटांत घ्यायची, त्या काळापासून तशीच उभी असलेली आणि नंतरची. गुगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं बघता येतात, त्यावरून ही विभागणी बरीच जमते. मुलाखती घेतल्या तर लोक गाणी आठवून सांगतात, सेट कुठल्या खिडकीत ठेवायचे हेही सांगतात; आवाज किती वेळा जायचा ते सांगत नाहीत. आवडीच्या वस्तूचे दोष आपण विसरतो. म्हणून ‘कसा होता?’ असं विचारण्याऐवजी ‘कुठे ठेवायचात, दाखवता का?’ असं विचारा आणि तिथे खडूची खूण करा.

आता ‘पोर्टेबल’कडे परत येऊ. अमेरिकेत एक्सएम (२००१) आणि सिरियस (२००२) यांनी हीच अडचण ओळखली होती. दोघांनीही मोठ्या शहरांत जमिनीवर रिपीटर बसवले, म्हणजे इमारतींमध्ये उपग्रह दिसला नाही तरी शेजारच्या मनोऱ्यावरून तोच कार्यक्रम मिळायचा. सिरियसने तर उपग्रह भूस्थिर न ठेवता लांबट कक्षांत फिरवले, का तर ते अमेरिकेच्या आकाशात जास्त उंचावर दिसावेत. एवढं करूनही २००४ साली एक्सएमचा ‘मायफाय’ हा खिशातला सेट आला तेव्हा त्यात पाच तासांचा कार्यक्रम साठवून नंतर ऐकायची सोय द्यावी लागली. चालत्या माणसाला उपग्रह सतत दिसत नाही, याची ती कबुलीच म्हणायची.

भारतात रिपीटरचं जाळं शेवटपर्यंत उभं राहिलं नाही. २००५ मध्ये ट्रायने सॅटेलाइट रेडिओविषयी सरकारला शिफारशी केल्या, पण वर्ल्डस्पेस बंद होईपर्यंत आपल्याकडचा श्रोता थेट उपग्रहावरच अवलंबून राहिला. म्हणून इथला सेट उचलून नेता यायचा, नेता-नेता ऐकता यायचा नाही. पनवेलहून सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलमध्ये तो खिडकीत धरला असता तर गाडी वळली की आवाज गेला असता. एका खिडकीतून उचलून दुसऱ्या खिडकीत ठेवायचा रेडिओ, असं म्हणा हवं तर. मराठीत दोन्हींना आपण ‘पोर्टेबल’च म्हणतो आणि माझ्या वाक्यात तोच गोंधळ होता. ‘पोर्टेबल असूनही रुजला नाही’ यातल्या ‘असूनही’ने मी न तपासलेली गोष्ट गृहीत धरली होती.

यावरून कंपनी खिडक्यांमुळे बुडाली असं मात्र सिद्ध होत नाही. दिवाळखोरीची कारणं तिच्या हिशेबवह्यांत आहेत, नेऱ्याच्या पडव्यांत नाहीत. खडूच्या खुणांवरून मला फक्त एवढं सांगता येतं की एका गावातल्या अमुक जागांपैकी इतक्या जागी हा रेडिओ ऐकणं शक्य होतं, आणि त्यांपैकी इतक्या जागा स्वयंपाकघरात, दुकानात, गोठ्यात, म्हणजे हात कामात असताना कान मोकळे असतात तिथे होत्या. हा ‘शक्यतेचा’ आकडा आहे, प्रत्यक्ष ऐकण्याचा नाही. सिनॉप्सिसमध्ये मी आता हे वाक्य जसंच्या तसं घातलंय. पहिल्या मसुद्यापेक्षा विषय फारच लहान झाला असं सोबतचे म्हणतात, आणि ते खरं आहे.

तुम्हाला करून बघायचं असेल तर तुमच्या गावाचे अक्षांश-रेखांश घ्या, वरचा हिशेब करा आणि तारीख-वेळ काढा. नेऱ्याची तारीख तुमच्या गावाला तशीच लागू होणार नाही. नागपूरला उपग्रह जरा उंच दिसेल, वेळही बदलेल. खडू पांढरा नको. शेणाने सारवलेल्या जमिनीवर चालतो, पण सिमेंटवर दहाच्या उन्हात फोटोत दिसत नाही. मी निळा वापरतो.